हवा न सोडता काढलेलं पंक्चर

पंक्चर काढणाऱ्या माणसाला जिभेचा उपयोग काय, असं कोणालाही वाटेल. गिऱ्हाइकाशी बोलायला, एवढाच. पण मालवणात दुकान टाकल्यावर वर्षभरातच मला कळलं, की आपल्या सगळ्या हत्यारांत भरवशाचं हत्यार जीभच. समुद्रातून आलेली ट्यूब मी आधी चाटून बघायचो. खारट लागली, की गोड्या पाण्याने धुवायची, पुसायची, सुकवायची आणि पुन्हा चाटायची. काही चव लागेनाशी झाली, की मगच सोल्युशनचा डबा उघडायचा. रस्त्याने जाणारे-येणारे थांबून बघायचे. माझी बायको सुमन तेव्हा नवी नवरी. तिच्या मैत्रिणींनी तिला विहिरीवर विचारलं म्हणे, "गो, तुझो घोव रबर खाता काय?"

मी मूळचा नांदगावचा. तिथे मुंबई-गोवा रस्त्यावरच्या एका टपरीत ट्रकची पंक्चरं काढून माझा हात तयार झाला. सिंधुदुर्ग जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, त्या सुमारास माझं लग्न झालं. सासुरवाडी मालवणची. सासरे म्हणाले, इथे गाड्या वाढतायत आणि धड पंक्चरवाला एक नाही. म्हणून तारकर्लीच्या वाटेवर, त्यांच्याच माडांच्या सावलीत मी दुकान थाटलं. कॉम्प्रेसर, पाण्याचं पिंप, कानस, शिकंजा सगळं मांडलं, अगरबत्ती लावली आणि ट्रकची वाट बघत बसलो. ट्रक आला नाही. ट्रकची ट्यूब तेवढी आली, तीही एका माणसाच्या खांद्यावरून.

त्या माणसाचं नाव बाबल. उघडाबंब, केसांतून पाणी निथळतंय. मी विचारलं, "गाडी खंय उभी आसा?"

"हीच माझी गाडी," असं म्हणून त्याने ट्यूब माझ्या पायाशी टाकली.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या किनाऱ्यावर ज्याला स्वतःची होडी नाही असा माणूस ट्रकची जुनी ट्यूब मिळवायचा, नऊशे-वीस मापाची. ती फुगवून मधल्या भोकावर सुंभाची जाळी विणायचा. त्या जाळीत बसायचं, पाय पाण्यात सोडायचे, हातात वल्ह्यांसारखी दोन फळकुटं घ्यायची आणि गरी टाकत खडकांपर्यंत जायचं. दोन-तीन तासांनी टोपली घेऊन परत. होडी नको, होडीवर हुकूम सोडणारा तांडेल नको, कोणाची बोलणी नकोत. पण ट्यूबला शत्रू फार. खडकाला चिकटलेले कालवांचे शिंपले म्हणजे नुसती ब्लेडं. शिवाय गरीला लागलेला शिंगाळा मासा मांडीवर उडाला, की त्याचा काटा माणसाला तरी घुसतो, नाहीतर ट्यूबला. बाबल म्हणायचा, "माका टोचलेलो बरो. माझो वारो तरी जायत नाय."

बाबलची ट्यूब मी नांदगावच्या पद्धतीने जोडून दिली. घासली, सोल्युशन लावलं, पॅच ठोकला. दुसऱ्या दिवशी बाबल हजर. एका हातात ट्यूब, दुसऱ्या हातात पॅच. खडकाजवळ पॅच सुटला होता आणि हा बाबा अर्धी रिकामी ट्यूब काखेत मारून पोहत किनाऱ्याला लागला होता. तो रागावला नाही. नुसतं म्हणाला, "सदानंदा, रस्त्यार पंक्चर झाली तर माणूस चलत घराक येता. हय चलत कसो येतलो?"

मला फार लाज वाटली. पुढचे दोन दिवस मी दुसरं काही केलं नाही, पॅच लावायचे आणि फाडायचे. मग डोक्यात उजेड पडला. ट्रकमध्ये ट्यूब टायरच्या पोटात असते. हवा भरली, की टायर तिला बाहेरून आवळतो आणि पॅच आपसूक दाबला जातो. पाण्यातल्या ट्यूबला असं धरणारं कोणी नाही. ती फुगते, रबर ताणतं, पॅच ताणत नाही, मग तो कडेने उचलतो. त्यात मिठाचा थर असला तर बघायलाच नको. तेव्हापासून मी चाटायला लागलो, पॅचच्या कडा कानशीने कागदासारख्या पातळ करायला लागलो आणि समुद्राच्या ट्यूबला थंड पॅच लावणं सोडून दिलं. गरम पॅच म्हणजे काय, तर भोकावर कच्च्या रबराचा तुकडा ठेवायचा, त्यावर ट्रकच्या इंजिनाचा जुना पिस्टन शिकंज्यात घट्ट आवळायचा, पिस्टनच्या वाटीत थोडं रॉकेल ओतायचं आणि काडी लावायची. रॉकेल जळून संपेपर्यंत रबर रबरात मिसळून जातं. मग ट्यूब फाटेल, पण पॅच निघणार नाही.

हवा किती भरायची तेही नव्याने शिकावं लागलं. काट्यावर नाही, अंगठ्यावर. सकाळी टणक भरलेली ट्यूब दुपारी तापलेल्या वाळूवर पडली, की फुटते. पहिली फुटली तेव्हा आमच्या सासूबाई कालवणाचं भांडं घेऊन उभ्या होत्या. त्या दिवशी आम्ही लोणच्याशी जेवलो.

आता माझी खरी अडचण सांगतो. आमच्या वाडीत एक रीत होती. होडीची फट ज्याने बुजवली, त्याने पहिल्या फेरीला होडीत बसायचं. काम कच्चं असेल तर आधी तो भिजेल, असा साधा विचार. ट्यूबवाल्यांनी ही रीत माझ्या गळ्यात घातली. "जोडणारो पयलो बसता," बाबलने मला सांगितलं आणि दुरुस्त केलेली ट्यूब पाण्यात ढकलून माझ्याकडे बघत उभा राहिला.

मला पोहता येत नव्हतं. नांदगावला समुद्र नाही आणि विहिरीत आईने कधी उतरू दिलं नाही. समुद्र मला लांबून आवडायचा. मालवणचा जावई म्हणवून घेणाऱ्याने हे चारचौघांत कबूल करायचं, म्हणजे पुजाऱ्याने आपल्याला आरती येत नाही असं सांगण्यासारखं होतं. सुमनला ठाऊक होतं, आणि सासऱ्यांना. माझ्या तोंडाचं पाणी पळालेलं त्यांनी पाहिलं, पंचा वर खोचला आणि पुढे झाले.

"जावयाक मी पाण्यात बसवूचंय नाय," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "जावई म्हणजे पावणो. तेच्या वतीन मी बसतंय."

लोकांना ते भलतंच आवडलं. जावयाचा मान ठेवावा तर असा! पुढे सात-आठ वर्षं माझ्या हातून गेलेल्या प्रत्येक ट्यूबवर पहिली फेरी माझ्या सासऱ्यांनी मारली. सत्तरीचा माणूस, पण पोरासारखा खूश व्हायचा. कधी कधी तर मला वाटायचं, पंक्चर नसलेली ट्यूबही ते मुद्दाम दुकानात पाठवतायत.

मी एकटाच तसा नव्हतो, हे एका गिऱ्हाइकामुळे कळलं. निवृत्तीला आलेले एक हेडमास्तर ट्यूब गोणपाटात गुंडाळून आणायचे, जणू चोरीचा माल. "हे पाहा, आमच्या पुतण्याची ट्यूब आहे, जरा गळते," असं शुद्ध मराठीत सांगायचे. पुतण्या मुंबईला असतो हे सगळ्या गावाला माहीत. मास्तर खाडीच्या आडोशाला जाऊन स्वतः पोहायला शिकत होते. एकदा त्यांनी सहज विचारलं, "तुम्हाला पोहता येतं ना?" मी म्हटलं, "म्हणजे काय!" ते म्हणाले, "मलासुद्धा." मग आम्ही दोघं बराच वेळ पिंपातले बुडबुडे बघत बसलो.

असं सगळं सुरळीत चाललं होतं. माझा गरम पॅच आचऱ्यापर्यंत माहीत झाला होता आणि मला गर्व झाला होता, हे मान्य करतो. तेवढ्यात पास्कू ती नारिंगी ट्यूब घेऊन आला.

पास्कू आमच्याच वाडीतला, परदेशी मालवाहू बोटीवर खलाशी. दहा महिने समुद्रावर, दीड महिना घरी. बायको मोनिका घरी शिवणकाम करायची. मुलगी लुर्दिन आठ वर्षांची. त्या नाताळात त्याने कुठल्याशा बंदरातून ही ट्यूब आणली होती. वर बसायचं, पुढच्या कडीला दोरी बांधायची, दोरी मशीनच्या होडीला. होडी पळाली, की ट्यूब मागून पाण्यावरून घसरत जाते. मासे धरायचे नाहीत, कुठे पोचायचं नाही, नुसतं ओरडायचं. बाबलने ती उलटीपालटी करून पाहिली आणि विचारलं, "मगे हेचो उपेग काय?"

उपयोग होता, आणि तो पास्कूने मला माझ्या दुकानाच्या बाकावर बसून सांगितला. लुर्दिन त्याच्याजवळ जात नव्हती. दहा महिन्यांनी एक मिशीवाला घरात येतो आणि आईच्या बाजूला बसून जेवतो, हे त्या पोरीला पटत नव्हतं. ती त्याला हाकही मारायची नाही. आईला म्हणायची, "तेका चाय होई काय विचार." पास्कूने पत्रांतून तिला ह्या ट्यूबचं कबूल केलं होतं. सुट्टीतला महिना तिला जवळ आणण्यात गेला, ती येईना. शेवटी तिने ट्यूबवर बसायला होकार दिला, आणि त्याच दिवशी ट्यूब खडकावरून ओढताना कालवाने कापली. अंगठ्याच्या नखाएवढं भोक.

"सदाभाऊ, माका धा दिवस ऱ्हवलेत," पास्कू म्हणाला. "ह्या जोडला नाय, तर मी इलंय तसोच परत जातलंय."

मी म्हटलं, "अरे, नखाएवढा भोक ता. हयच बस."

ट्यूब चाटून बघितली. खारट नव्हती, पण चव रबराचीही नव्हती. औषधाच्या बाटलीच्या बुचासारखी काहीतरी. तिथेच मी थांबायला हवं होतं. पण मी म्हणजे गरम पॅचवाला. कच्चं रबर ठेवलं, पिस्टन आवळला, रॉकेल ओतलं, काडी लावली. लुर्दिन बापापासून चार हात लांब उभी राहून बघत होती. आणि वास आला. पावसाळी चप्पल चुलीत पडल्यावर येतो तसला. मी घाईघाईने शिकंजा सोडला. नखाएवढ्या भोकाचं बशीएवढं भोक झालं होतं आणि त्याच्या कडा आक्रसून वर आल्या होत्या. ते रबर नव्हतंच, प्लास्टिक होतं.

लुर्दिनने भोकाकडे बघितलं, मग पहिल्यांदाच बापाच्या तोंडाकडे बघितलं. आणि घराकडे चालू लागली. पास्कूने मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "जाव दे सदाभाऊ. तुमी काय मुद्दाम केलास?" खरं सांगतो, मला रडू आलं. बाबलचा पॅच सुटला तेव्हा माझं अज्ञान होतं. ह्या वेळी जिभेने सांगितलेलं मी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने बांद्याला गेलो. तिथल्या एका दुकानात शेतीचे प्लास्टिकचे पाइप मिळत, आणि ते जोडायचा चिकट रस. दुकानदाराने बजावलं, "पायपाक लावा. दुसऱ्या कित्याक लावलास तर माझ्याकडे येव नकात." मी मान हलवली आणि डबी घेऊन परत आलो. आता पॅचला तसंच प्लास्टिक हवं. ते मोनिकाने शोधलं. ट्यूब ज्या पिशवीतून आली होती, ती पिशवी त्याच प्लास्टिकची. मोनिकाने कात्रीने तिचा तळ गोल कापून दिला. तिला मी सांगणार होतो, की कोपरा ठेवू नका, कोपऱ्यातून पॅच उचलतो. पण शिवणकाम करणारी बाई ती, तिला सांगावं लागलं नाही.

ह्या वेळी मी घाई केली नाही. पिशवीच्या तुकड्यांवर दोन दिवस प्रयोग केले. पहिला तुकडा सुरकुतला. दुसरा दाताने ओढल्यावर निघाला. तिसरा ओढताना माझा दात हलला, पण तुकडा हलला नाही. मग ट्यूबला हात घातला. पॅच लावून त्यावर फळी, फळीवर आमच्या घरचा पाटा, त्यावर मोनिकाच्या घरचा पाटा. पूर्ण दिवस. त्या दिवशी दोन्ही घरांत नारळाचं वाटप नाही, म्हणजे तिखल्यावर, बिनवाटपाच्या कालवणावर, भागवणं आलं. सुमन म्हणाली, "पास्कूच्या चेडवासाठी ठीक आसा. तुमच्या चुकीसाठी पाटो दिलंय नसतंय."

रविवारी दुपारी अर्धी वाडी किनाऱ्यावर जमली. होडीला दोरी बांधली, ट्यूब पाण्यावर ठेवली. पास्कू मशीन चालू करायला होडीत चढला आणि म्हणाला, "ये बाय, बस." लुर्दिन हलली नाही.

"पयलो कोण बसतलो?" तिने आईला विचारलं. "जोडणारो पयलो बसता."

"तेंचे सासरे बसतत, ते मुंबयक गेलेत. डोळ्याचा आपरेशन झाला," पास्कू समजुतीने म्हणाला.

"मगे हेंका बसांदे," लुर्दिन आईलाच म्हणाली आणि तिने माझ्याकडे बोट केलं. "हेंनीच ता जाळल्यानी. तुमी बसा, मगे मी बसतंय."

सगळी वाडी माझ्याकडे बघत होती. सुमनचा चेहरा पांढरा पडला. मी तोंड उघडलं होतं, सोमवार-गुरुवारच्या उपासाचं काहीतरी कारण सांगायला, पण रविवार होता. आणि होडीतून पास्कू माझ्याकडे ज्या आशेने बघत होता, ते बघून मला नाही म्हणवेना. शर्ट काढून सुमनच्या हातात दिला आणि जाऊन बसलो.

पुढचं मला नीटसं आठवत नाही. मशीनचा आवाज झाला, दोरी ताणली गेली आणि माझ्याखालून समुद्र पळायला लागला. मी नांदगावच्या देवाला हाका मारत होतो. किनाऱ्यावरच्यांना वाटलं, सदानंदाला मजा येतेय, म्हणून तेही ओरडायला लागले. पास्कूला वाटलं, मला आणखी जोरात हवंय. दोन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या वळणावर ट्यूब एका बाजूला उठली आणि मी पाण्यात. हातपाय झाडतोय, नाकातोंडात पाणी, सुमनचा चेहरा डोळ्यांसमोर, आणि तेवढ्यात बाबलचा आवाज आला.

"मेल्या, उभो ऱ्हव! पाणी तुझ्या कमराक आसा!"

मी उभा राहिलो. खरंच कमरेएवढं होतं.

मग लुर्दिन हसली. कमरेत वाकून, गुडघे धरून, वाळूत बसून हसली. "पेवूक येणा नाय! पंक्चरवाल्याक पेवूक येणा नाय!" मग सगळा किनारा हसला. इतक्या वर्षांचं गुपित असं एका मिनिटात बाहेर पडलं. हसता हसताच ती उठली, धावत पाण्यात आली आणि ट्यूब धरून बापाला म्हणाली, "मी पडलंय तर कोण काढतलो? तू पण बस माझ्यावांगडा."

"तू." महिनाभरात ती त्याच्याशी पहिल्यांदा बोलली होती. पास्कूने मशीन बाबलच्या हातात दिलं आणि कपड्यांसकट पाण्यात उडी मारली. ऊन उतरेपर्यंत दोघं ट्यूबवर होती. मी ओल्या पँटने वाळूत बसून माझ्या पॅचवर नजर ठेवून होतो. बुडबुडा एकसुद्धा नाही.

माझी पत गेली, असं मला वाटत होतं. झालं उलटंच. बाबल गावभर सांगत सुटला, "पेवूक येणा नाय आणि तरी बसलो. म्हणजे बघा, पॅच केवढो पक्को आसतलो!"

इथे खरं तर गोष्ट संपायची. पण पास्कू जायच्या दिवशी लुर्दिनने ट्यूब पुन्हा फुगवायचा हट्ट धरला. नव्या पॅचच्या धास्तीने कॉम्प्रेसर लावायला मी बंदी केली होती. मग पास्कू सामान बांधून ओसरीवर बसला आणि तोंडाने फुंकू लागला. लुर्दिन समोर बसून ट्यूब दाबून बघायची, "अजून," म्हणायची. एसटीची वेळ होईपर्यंत तासभर बापलेकींचं तेच चाललं होतं.

पंधरा-वीस दिवसांनी दुकानासमोर नारिंगी ट्यूब आली, तिला खाली दोन पाय. लुर्दिन होती. "वारो जाता," म्हणाली. ट्यूब जरा मऊ झाली होती. मी सवयीने बुचाला हात घातला, तशी ती किंचाळली.

"सोडू नकात! पपाचो वारो आसा तो!"

पंक्चरच्या धंद्यात पहिली गोष्ट शिकवतात ती हवा सोडायची. हवा असताना पॅच लागत नाही, कारण आतली हवा चिकट रसातून वाट काढत बाहेर येते. हे मी तिला समजावून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माहीत आसा. म्हणान तर तुमच्याकडे इलंय."

साबणाचा फेस करून सगळी ट्यूब तपासली. माझा पॅच शाबूत. फेस फुगत होता तो बुचाच्या नळीला, केसाएवढी चीर होती तिथे. नळी मऊ प्लास्टिकची, करंगळीएवढी. एकच मार्ग होता. चिरेच्या खाली नळी कोणीतरी चिमटीत दाबून धरायची. शिकंज्याने ती तुटली असती. लुर्दिनने दोन्ही हातांच्या चिमटीत ती धरली. मी चीर धुतली, सुकवली, चाटली, पिशवीच्या उरलेल्या प्लास्टिकची पट्टी रस लावून तिच्याभोवती गुंडाळली आणि वर दोरा आवळला. रस सुकायला अर्धा तास. पोरीची बोटं पांढरी पडली, पण तिने ती सैल केली नाहीत. सोडल्यावर पुन्हा फेस लावला. काही नाही. फेस तसाच बसून राहिला.

एवढं चांगलं काम मी आधी कधी केलं नव्हतं, नंतरही नाही. आणि ते कोणाला सांगायचं मी ठेवलं नाही. गिऱ्हाईक सायकल घेऊन आलं तरी मी त्याला ऐकवायचो, हवा न सोडता पंक्चर काढलंय मी. विश्वास नसेल त्याला मोनिकाच्या पडवीत पाठवायचो. तिथे आढ्याला ती ट्यूब टांगलेली असायची. होळी गेली, अख्खा पावसाळा गेला, गणपती गेले, ट्यूब टणकच्या टणक. मला नवल वाटायला हवं होतं. सायकलच्या नव्या ट्यूबमधूनही दोन महिन्यांत हवा उतरते. पण कौतुक मिळत असलं, की असले प्रश्न मनात येत नाहीत.

दिवाळीच्या तोंडावर पास्कूचं पत्र आलं, सुट्टी मिळाली म्हणून. त्याच आठवड्यात सुमनने ब्लाउजचं कापड मोनिकाकडे द्यायला मला पिटाळलं. सकाळची वेळ, लुर्दिन शाळेत. हाक मारत मी पडवीत शिरलो. मोनिका जमिनीवर बसली होती. मांडीवर नारिंगी ट्यूब, नळी तोंडात, गाल फुगलेले, चेहरा लालबुंद.

मला बघून तिने नळीवर अंगठा दाबला आणि दम खाल्ला. "दर सोमवारी," ती म्हणाली. "चेडू शाळेत गेला काय." मग माझा चेहरा बघून घाईने म्हणाली, "तुमचो जोड बरो आसा हां, सदाभाऊ. पण प्लास्टिक ता. थोडो थोडो वारो जाताच."

मी पायरीवर बसलो. नऊ महिने गावभर मिरवलेलं काम ते! आधी शरम वाटली. मग हसू फुटलं, तशी तीही हसली. "तिका सांगू नकात," म्हणाली. आजवर सांगितलं नव्हतं. हे छापायला मोनिकाची परवानगी घेतली आहे. त्या दिवशी मी उठलो, ट्यूब अंगठ्याने दाबून बघितली आणि म्हटलं, "अजून चार फुंके होये."

पास्कू आला त्या दिवशी लुर्दिनने मला मुद्दाम बोलावून नेलं. काम माझं होतं ना. बापाला तिने बॅगही खाली ठेवू दिली नाही, हाताला धरून पडवीत बसवलं. ट्यूब उतरवली, त्याच्या तोंडासमोर धरली आणि बूच उपटलं. हवा भसकन त्याच्या तोंडावर आली. केस उडाले, डोळे मिटले.

"ह्यो तुझो वारो," लुर्दिन म्हणाली. "मी इतकोसो पण जावक दिलंय नाय. आता नवो भर."

पास्कू बोटीवरचा माणूस. प्लास्टिकमध्ये हवा किती दिवस टिकते, ते त्याला माझ्याहून जास्त ठाऊक. त्याने डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं. मी मोनिकाकडे बघितलं. मोनिका दारात उभी राहून पदराने हात पुसत होती, कोरडेच हात. पास्कू तिच्याकडे बघत राहिला.

"व्हय गो बाय," तो लुर्दिनला म्हणाला, "माझोच वारो."

मग त्याने रिकामी ट्यूब मांडीवर घेतली, नळी तोंडाला लावली आणि फुंकायला बसला.